वीस पावलं

"मग ती वीस पावलं गेली कुठं, तात्या?"

गेनूतात्यांनी खांद्यावरची पिशवी सारखी केली. ते ओढ्याकडे बघत उभे होते. बॉल जिथे बुडाला तिथे पाण्यावर अजून वर्तुळं उमटत होती.

"तात्या, मी तुम्हाला विचारतेय."

"ऐकलं म्या."

"मग?"

"पान्याचा आवाज बी ऐकतोय."

उत्तरा घारपुरेने हातातली काठी गवतावर आपटली. मग लगेच उचलून पुसली. काठी आपटणाऱ्या माणसांचा तिला पूर्वी फार राग यायचा.

नांदगिरीच्या छावणीतलं हे गोल्फचं मैदान इंग्रजांच्या वेळचं. क्लबाच्या व्हरांड्यात विजेत्यांच्या नावांची एक लाकडी फळी आहे. तिच्यावर 'उत्तरा घारपुरे' हे नाव सोनेरी अक्षरांत दोनदा लिहिलेलं आहे. राज्याच्या हौशी स्पर्धेत बाई दोनदा पहिल्या आल्या होत्या. दोन्ही वेळेला त्यांची काठ्यांची पिशवी गेनूतात्या लोंढ्यांच्या खांद्यावर होती.

त्यानंतर बाईंनी अकरा वर्षं काठीला हात लावला नाही.

आता ती सत्तेचाळीस वर्षांची होती आणि परत आली होती. दोन आठवड्यांनी निवड फेरी होती. पहिल्या आठ जणी राज्य स्पर्धेला जाणार होत्या, आणि त्या आठांत यायचंच असं तिने स्वतःला बजावलं होतं. तसं तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही. सांगितलं ते फक्त तात्यांना, आणि तेही असं...

"मला माझी अकरा वर्षं परत हवीत, तात्या."

तात्या म्हणाले होते, "बरं."

बाकी सगळं जमत होतं. लांबचे फटके ठीक होते, पटिंग, म्हणजे जवळून बॉल भोकात घालणं, तर पूर्वीपेक्षा बरं होतं. घोडं अडलं होतं ते अठरांपैकी सतराव्या होलवर.

सतरावं होल तीन फटक्यांचं, पण पहिल्याच फटक्यात पलीकडे पोचावं लागतं. टेकाडावरून मारायचं, मध्ये ओढा, आणि ओढ्याला लागूनच ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची कातरलेली हिरवळ. टेकाडापासून झेंडा एकशे चाळीस पावलं. हा आकडा तात्यांचा. क्लबातले लोक आता दुर्बिणीतून बघून अंतर सांगतात, पण तात्यांचा त्यावर विश्वास नाही. त्यांनी पन्नास वर्षं हे मैदान पायांनी मोजलं होतं.

"दुर्बीन काय सांगती? तिला ओढ्यात पडायचं भ्या असतं व्हय?"

गोल्फच्या लोखंडी काठ्यांच्या तळाशी आकडा कोरलेला असतो. आकडा जितका लहान, तितका काठीचा पल्ला मोठा. उत्तराचा सात नंबर एके काळी मैदानभर प्रसिद्ध होता. एकशे चाळीस पावलं म्हणजे उत्तराचा सात नंबर, असं नवीन पोरांना सांगत असत. बॉल उंच जायचा आणि झेंड्यापाशी मांजरासारखा अलगद बसायचा.

आता तोच सात नंबर एकशे वीस पावलांवर दम टाकत होता. तिथे ओढा होता.

ती पुण्याला जाऊन एका नामांकित शिक्षकाकडून शिकून आली. त्याने तिचे व्हिडिओ काढले, संगणकावर तिच्या अंगावर लाल-पिवळ्या रेघा मारल्या आणि सांगितलं, कंबर वळत नाही. तिने कंबर वळवायचे व्यायाम केले. नवीन काठ्या घेतल्या. कंबर वळली, बॉल ओढ्यात पडला.

म्हणून ती तात्यांकडे आली होती.

शहात्तर वर्षांचे तात्या आता कुणाची पिशवी उचलत नाहीत. पिशव्या वाहणाऱ्या कॅडींच्या शेडबाहेर बाकावर बसून असतात. चांगले चांगले खेळाडू त्यांच्याकडे सल्ला मागायला येतात आणि चरफडत परत जातात. म्हातारा काही बोलतच नाही म्हणतात. पण उत्तरा आली तेव्हा तात्या उठले, आणि तिची पिशवी त्यांनी खांद्यावर घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिने टोपी पुढे ओढून लपवलं.

सहा दिवस दोघं रोज सकाळी सतराव्यावर येत होती.

"सात नंबर," ती म्हणायची.

तात्या सात नंबर द्यायचे.

बॉल ओढ्यात.

"सात नंबर."

ओढ्यात.

तिने अंगातलं सगळं बळ लावून बघितलं, दात खाऊन मारून बघितलं. एकदा बॉल काठाच्या दगडावर आपटून मागे उडाला आणि पुन्हा पाण्यात पडला. तात्या काठी पुसून पिशवीत ठेवत आणि पुढच्या बॉलची वाट बघत.

सहाव्या दिवशी तिचा तोल गेला.

"तुम्हाला माहीत होतं हा बॉल पोचणार नाही!"

"व्हतं."

"मग दिलीत कशाला मला ही काठी?"

"तुमी मागितली."

"पूर्वी मी चुकीची काठी मागितली तर तुम्ही बदलून द्यायचात. विसरलात?"

तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

"तवा तुमी काठी मागत नव्हता, ताई. 'तात्या, काय मारू?' आसं इचारत व्हता. आता तुमी नंबर सांगता."

...

टिटवी ओरडून गेली. उत्तराला तात्यांचं बोलणं झोंबलं, कारण ते खरं होतं.

"बरं," ती म्हणाली. आवाज जरा चढाच होता. "विचारते. काय मारू?"

"आज न्हाई. आज तुमी रागानं इचारलं."

गोल्फ खेळणाऱ्यांची एक खोड इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. ही माणसं एकमेकांच्या पिशवीत चोरून बघतात. शेजारच्याने कितव्या नंबरने मारलं हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. ज्याने आठ नंबरने पोचवला तो मोठा आणि ज्याला तिथेच पाच लागला तो संपला, असा त्यांचा हिशोब. म्हणून चांगले शहाणेसुरते लोकही पाच मारून सहा मारला म्हणून सांगतात. एक वेळ त्यांना वय विचारावं, नंबर विचारू नये.

आणि उत्तरा तर त्यांतली मानकरी होती. सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो?

सातव्या दिवशी तात्यांच्या खांद्यावर तिची पिशवी नव्हती. स्वतःची होती.

त्या पिशवीची क्लबात थट्टा व्हायची. तिच्यात अकरा काठ्या होत्या आणि एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. कुणी बदली होऊन जाताना दिलेली, कुणी म्हातारपणी खेळ सोडताना दिलेली, एक तर कुणाच्या तरी विधवेने आणून दिलेली. तात्यांनी सगळ्या आपल्या बुटक्या उंचीला बेतून कापल्या होत्या आणि मुठींना सायकलची रबरं चढवली होती. कुठली काठी कितवी, हे लांबीवरून कळायची सोय उरली नव्हती.

आणि आज प्रत्येक काठीच्या तळाला, आकड्यावर, वायरमनची काळी चिकटपट्टी लावलेली होती.

"हे काय?"

"झाकली मूठ."

"अहो, पण मी निवडू कशी?"

"तुमी नका निवडू. ओढा बघा."

तात्यांनी एक काठी काढून तिच्या हातात दिली. ती तिने हातात फिरवून बघितली. पात्याच्या उतारावरून थोडा अंदाज येत होता, पण इतकी जुनी, इतकी झिजलेली काठी... तिने तो नाद सोडला. ओढ्याकडे बघितलं. सहा दिवसांत तिने ओढ्याकडे असं बघितलंच नव्हतं. पाणी फार नव्हतं. काठाला तेरडा फुलला होता.

तिने मारलं. जोर न लावता मारलं, कारण कशाला लावायचा हेच कळत नव्हतं.

बॉल ओढ्यावरून गेला आणि पलीकडे, ग्रीनच्या कडेला पडला.

उत्तरा लहान मुलीसारखी ओरडली. दुसरा मारला. तोही गेला. पाचांपैकी चार गेले.

"कितवी आहे ही, तात्या?"

तात्यांनी काठी तिच्या हातातून घेतली, पुसली, पिशवीत ठेवली.

"पलीकडं गेला न्हवं?"

"हो, पण कितवी?"

"पलीकडं गेला."

पुढचे चार दिवस असेच गेले. ती आनंदात होती. बऱ्याच दिवसांनी घरी जेवताना तिने स्वतःहून मैदानाची गोष्ट काढली. नवरा बघतच राहिला.

पण पीळ तो पीळच. पाचव्या दिवशी तात्या चहाला गेले आणि पिशवी बाकाला टेकवलेली राहिली. उत्तराने इकडे तिकडे बघितलं. रबराच्या मुठीवरून तिने ती काठी ओळखली, उलटी केली, आणि चिकटपट्टीचं टोक नखाने उचकटलं.

पाच.

तिने पट्टी पुन्हा चिकटवली नाही. तात्या परत आले तेव्हा ती बाकावर बसली होती आणि काठी मांडीवर आडवी होती.

"पाच नंबर," ती म्हणाली.

"व्हय."

"माझे बाबा साठीनंतर इथे पाच मारायचे. गुडघे बदलल्यावर. आणि आम्ही मुलं मागे उभं राहून हसायचो."

"आठवतंय. मोठ्यानं हसायच्या तुमी."

"तुम्ही मला म्हातारी केलंत, तात्या."

"म्या न्हाई."

ती हे ऐकून रडायला लागली. आवाज न करता, नुसतं डोळ्यांतून. तात्या शेजारी बसले. त्यांनी तिचं सांत्वन केलं नाही. बिडी काढली, पण पेटवली नाही.

ती बोटांत फिरवत ते म्हणाले, "अकरा वरसं काय केलं, ताई?"

"काही नाही. घरीच होते."

"काई न्हाई?"

"काही नाही, तात्या. वाया गेली."

"अकरा वरसं मानूस काईच न करता कसं ऱ्हाईल? बैल बी शेपूट हालवतो."

तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातून ते बाहेर पडलं. हे ती कुणापाशी बोलली नव्हती.

"आईला अर्धांगवायू झाला. डावी बाजू पूर्ण गेली होती. डॉक्टर म्हणाले, आता उठणार नाहीत. भाऊ परदेशात. मी घरी आणलं तिला. दोन वर्षांनी उभी केली. मग चालवायला लागले. आतल्या खोलीत तिची खाट होती, बाहेर गॅलरी. समोर शाळा आहे. तिला मुलांची कवायत बघायची असायची. रोज सकाळी खाटेपासून गॅलरीपर्यंत. तिच्या कमरेला पट्टा, तो माझ्या हातात, आणि मी उलटी चालत पुढे. मोठ्याने मोजायचे मी, म्हणजे तिला हुरूप यायचा. एक... दोन... कधी अर्ध्यात खाली बसायची. मग मीही बसायचे. पुन्हा उठवायचे. नऊ वर्षं, तात्या. एक दिवस चुकला नाही. मागच्या वर्षी गेली."

तात्यांनी बिडी कानावर ठेवली.

"आता बोलले ना, वाया गेली म्हणून," उत्तरा म्हणाली. "आईच्या बाबतीत असं बोलायला नको होतं मी. पण खरं सांगू? फळीवरचं नाव बघते तेव्हा असंच वाटतं. तिकडे आई चालत होती आणि इकडे मी... माझं सगळं आटत होतं."

तात्यांनी टोपी सारखी केली. उठले. पिशवी खांद्यावर घेतली.

"उद्या तुमची पिशवी आना. परवा स्पर्धा हाय."

"आणि पट्ट्या?"

"स्पर्धेत पट्टी चालत न्हाई. न्हेमाच्या बाहेर हाय."

"म्हणजे नंबर दिसणार."

"समद्यास्नी दिसनार."

निवड फेरीला सव्वीस जणी होत्या. उत्तराच्या जोडीला ईशिता म्हणून एकोणीस वर्षांची पुण्याची मुलगी आली होती. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तशी. पण गोड स्वभावाची. उत्तराला ती पहिल्या होलपासून 'मॅडम' म्हणत होती आणि प्रत्येक फटक्याला मॅडमच्या पिशवीकडे हळूच बघत होती. उत्तराला त्याचा राग आला नाही. त्या वयात तीही बघायची.

खेळ बरा चालला होता. चौथ्या होलवर घाई केली, तिथे एक फटका गेला. अकराव्यावर एक लांबचा पट आत पडला, गेलेला फटका भरून निघाला. सोळावं होल संपलं तेव्हा क्लबाचा कारकून कागद घेऊन फिरत होता. त्याने हळूच सांगितलं, आठव्या जागेसाठी तिला उरलेली दोन होल न चुकता काढायला हवीत. एकही फटका जास्त गेला तर संपलं.

आणि समोर सतरावं होतं.

टेकाडावर बाकावर जुनी मंडळी जमली होती. निवृत्त विंग कमांडर दाभाडे त्यांत होते. मनाने अतिशय सज्जन माणूस, पण तोंडाला लगाम नाही. उत्तराला बघून त्यांनी हात वर केला.

"या, या! उत्तराचा सात नंबर बघायला थांबलोय हं आम्ही! अकरा वर्षं थांबलोय!"

सगळे हसले. कौतुकानेच हसले.

पहिला फटका ईशिताचा. तिने आठ नंबर काढला, फारसा विचारही केला नाही. बॉल उंच गेला आणि झेंड्यापासून चार हातांवर बसला. बाकावर टाळ्या पडल्या.

उत्तरा पिशवीपाशी आली. तात्या पिशवी धरून उभे होते आणि काठ्या तिच्याकडे केल्या होत्या. आकडे उन्हात चमकत होते.

तिचा हात सात नंबरवर गेला.

मनात आलं, आज जाईलही. आज अंग गरम आहे. वारा नाही. गेला तर काय बहार येईल, दाभाडेकाका उडी मारतील... तिने काठी अर्धी वर ओढली.

तात्या ओढ्याकडे बघत होते.

तिने काठी तशीच धरून ठेवली. मग तिने ते विचारलं, जे अकरा वर्षांत विचारलं नव्हतं. हळू, रागाशिवाय.

"तात्या... काय मारू?"

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"ओढा मोठा झालाय का?"

"नाही. तेवढाच आहे."

"झेंडा लांब गेलाय?"

"नाही."

"मग ऱ्हायलं कोन?"

...

तिने सात नंबर पिशवीत परत सोडला. काठ्यांवर काठी आपटल्याचा आवाज झाला. टेकाडावर तो सगळ्यांना ऐकू गेला.

"पाच द्या," ती म्हणाली.

हळू म्हणाली असती तरी चाललं असतं. तात्यांना ऐकू आलं असतं. पण ती मोठ्याने म्हणाली, बाकापर्यंत जाईल असं.

"पाच?" दाभाडे पुटपुटले.

तात्यांनी पाच नंबर काढून दिला. तिने ओढ्याकडे एकदा बघितलं. मग मारलं.

टाळ्या पडाव्यात असा तो फटका नव्हता. बॉल फार उंच गेला नाही. पाण्यावरून गेला, काठाच्या पलीकडे तेरड्याच्या शेंड्यांना जवळजवळ घासून गवतावर टेकला, दोन उड्या मारून ग्रीनच्या कडेला लागला आणि थांबला. झेंडा चांगला लांब होता.

पण बॉल कोरडा होता.

तिथून तिने दोन पटमध्ये काम संपवलं. अठराव्यावर शेवटचा पट मारायला ती तीनदा वाकली आणि तीनदा उभी राहिली. चौथ्या वेळी मारला. बॉल कडेवरून फिरून आत पडला.

ईशिता पहिली आली. उत्तरा आठवी.

फळीवर आठवीचं नाव लिहीत नाहीत. पण राज्य स्पर्धेच्या यादीत लिहितात, आणि कारकुनाने ते तिच्यासमोर लिहिलं. घारपुरेतला 'घा' त्याने अगदी ठसठशीत काढला.

ईशिता हात मिळवायला आली. जरा घुटमळली, मग राहवलं नाही म्हणून विचारलंच.

"मॅडम, सतराव्यावर... पाच होता ना?"

"हो, पाच," उत्तरा म्हणाली. तिला स्वतःलाच नवल वाटलं की हे बोलताना काहीच दुखलं नाही.

दुपार कलली तेव्हा ती कॅडींच्या शेडपाशी गेली. तात्या बाकावर बशीतून चहा पीत होते. त्यांनी तिच्यासाठी दुसऱ्या कपात चहा ओतला. दोघं बसून राहिली. समोर मैदान उतरत ओढ्यापर्यंत गेलं होतं, आणि माळी सतराव्याचा झेंडा काढून घेऊन येत होता.

"मुलीला फोन केला," ती म्हणाली. "किंचाळली. नवऱ्याला आधी खरंच वाटेना."

"चांगलं झालं."

"तुम्हाला आनंद झाला ना, तात्या?"

"मला सोळाव्यावरच झाला व्हता. तुमी चौथ्याचा राग इसरून खेळत व्हत्या."

ती हसली. कप दोन्ही हातांत फिरवत राहिली.

"एक विचारू?"

"आता तुमी इचारता. इचारा."

"पहिल्या दिवशी विचारलं होतं तेच. आले मी आठांत. पाच नंबर मारीन आता, लाज नाही वाटणार. पण ती वीस पावलं, तात्या... ती तर गेलीच ना? त्यांचं काय झालं? कुठं गेली ती?"

तात्यांनी बशी खाली ठेवली. मिशीवरचा चहा पुसला.

"आईची खाट आतल्या खोलीत व्हती म्हनला न्हवं तुमी?"

"हो."

"थितून गॅलरी किती पावलं?"

आता कुठे आठवणार, असं ती म्हणणार होती. पण ओठ आधीच हलायला लागले होते. नऊ वर्षं रोज मोजलेलं विसरत नाही माणूस. तिने डोळे मिटले. चहाचा कप मांडीवर टेकला आणि उजवा हात पुढे झाला. त्या हातात जणू पट्टा होता.

"एक... दोन... सातव्याला उंबरठा. तिथे पाय उचलायला वेळ लागायचा तिला. आठ... नऊ... बाराव्याला फ्रिज, त्याला टेकून दम खायची. तेरा... चौदा..."

तात्या ऐकत होते.

"सतराव्याला शाळेची शिट्टी ऐकू यायची. मग घाई करायची. मी रागवायचे. अठरा... एकोणीस... आणि मग कठडा. कठड्याला हात लागला की हसायची..."

तिने डोळे उघडले.

"वीस," ती म्हणाली.

...

माळी झेंडा खांद्यावर टाकून त्यांच्यासमोरून गेला. तात्यांना त्याने रामराम केला. तात्यांनी मान हलवली.

उत्तराने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. तिने हात काढले तेव्हा चेहरा ओला होता, आणि तरीही ती वाद घालायला निघाली. शेवटी उत्तरा घारपुरेच ती.

"पण तात्या, ती केवढीशी पावलं! वीतभर एकेक... आणि एका एका पावलाला किती वेळ लागायचा तिला..."

तात्या उठले. त्यांनी तिची पिशवी खांद्यावर घेतली, पट्टा नीट केला, आणि क्लबाच्या दिशेने चालायला लागले. चार पावलं गेल्यावर ते मागे न बघता म्हणाले,

"मंग मला कशाला इचारता, कुठं गेली म्हून?"